जेटीवरचं बिनपाटीचं दुकान: तारलीचं तेल, बोकडाची चरबी आणि माझी म्हातारी होडी

आधीच सांगून टाकतो, नाक नाजूक असेल तर या दुकानाच्या वाटेला जाऊ नका. मॅपवर सापडत नाही, पाटी नाही, मालक फोन उचलत नाहीत, आणि तरी गेल्या दोन सीझनमध्ये मी चार वेळा जाऊन आलोय. वाघोटन खाडीच्या अंगाला जेटीकडे उतरणारा रस्ता आहे, जाळ्यांचे ढीग लागतात तिथून पुढे सरळ वासाच्या मागे जायचं. सुक्या बांगड्याचा वास वेगळा, डिझेलचा वेगळा, आणि हा तिसराच, म्हणजे जुनं तेल, राळ आणि मटणवाल्याकडे सकाळी सकाळी येतो तो, सगळं एकत्र. पत्र्याची शेड, बाहेर निळे कॅन, आत नायलॉनचा दोर, काथ्या, राळेची पोती, खिळे, ग्लँड दोरी, आणि मागच्या कोपऱ्यात झाकण लावलेली दोन पिंपं. एका पिंपात तारली माशाचं तेल, दुसऱ्यात कढवून गाळलेली बोकडाची चरबी. त्या दोन पिंपांसाठीच एवढं लिहायला बसलोय.

माझी होडी आजोबांच्या वेळची, आंब्याच्या फळ्यांची, एका बाजूला उलांडी (तोल सांभाळायला बांधलेला ओंडका). फायबरच्या होड्या आल्यापासून लाकडाची ठेवणारे आमच्या वाडीत मी आणि अजून एक जण, बाकी सगळे शहाणे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात होडी वर काढली (१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, आमची वल्ह्याची असली तरी पावसात कोण घालतंय पाण्यात) तेव्हा तळ काळा पडलेला आणि फळ्या अशा कोरड्या की नख मारलं तर भुसा निघेल. मी गेलो बाजारात, हार्डवेअरवाल्याने एक डबा ऑइल पेंट गळ्यात मारला, म्हणाला दोन वर्षं बघायला नको. दोन वर्षं सोडा, नारळी पौर्णिमेला पाण्यात घातली आणि दिवाळीपर्यंत पापडासारखे पोपडे निघाले. बाबा पडवीतून बघत होते, एवढंच म्हणाले, "लाकडाला रंग फासून काय होतंय रे, तेल पाजायला लागतं."

तेल पाजणं म्हणजे काय ते मला या दुकानात कळलं.

दुकान चालवतात ते चाचा, वय सत्तरीच्या पुढे, वीसेक वर्षं ओमानला सूर बंदरात काढून आलेले. गिऱ्हाईक बघून भाव करत नाहीत पण गिऱ्हाईक बघून बोलतात, म्हणजे तुम्ही "अंकल फिश ऑइल आहे का" म्हणालात तर कॅन पुढे सरकवतील आणि पैसे घेतील, आणि होडी कसल्या लाकडाची, कुठं गळते हे सांगितलंत तर अर्धा तास गेला समजा. मला पहिल्या दिवशी म्हणाले, "ह्या तेल न्हय, औषध आसा, पण लाकडाचा, माणसाचा न्हय." मग एका पत्र्याच्या तुकड्यावर तारलीच्या तेलाचा एक थेंब आणि शेजारी वितळवलेल्या चरबीचा एक थेंब असा टाकला आणि पत्रा शेडवर उन्हात फेकून दिला. "आठ दिसांनी ये नि बघ."

आठ दिवसांनी गेलो. तेलाच्या थेंबावर साय धरली होती, बोटाने दाबली तर रबरासारखी. चरबीचा थेंब जसाच्या तसा, बोट लावलं की बोटाला चिकटणारा. सगळी गोष्ट या एका पत्र्यात आहे. तारली, पेडवे असल्या तेलकट माशांचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, जवसाचं तेल सुकतं तसंच, म्हणून ते लाकडात मुरतं आणि आतल्या आत त्याचा पापुद्रा होतो. बोकडाची, मेंढीची, गुराढोरांची चरबी कधीच सुकत नाही, ती वंगण म्हणूनच जन्माला आलेली. त्यामुळे फळीच्या आत पाजायला मासा आणि फळीवर थापायला बोकड, हे उलटं केलंत तर दोन्ही वाया. हार्डवेअरवाल्याला मी हे नंतर सांगितलं तर तो हसला, असो.

तर तेलाचा रिव्ह्यू. पाच लिटरचा कॅन मला ९०० ला पडला. रंग कोऱ्या चहासारखा, तळाला थोडा गाळ. तीन हात मारले, "एक हात, मगे चार दिस ऊन, मगे दुसरो हात" या हिशोबाने, गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या कडक उन्हात. पहिला हात फळ्यांनी असा ओढून घेतला की ब्रश फिरवून वळेपर्यंत लाकूड पुन्हा कोरडं. तिसऱ्या हाताला थोडी चमक आली. पाण्यात घातल्यावर पूर्वी डब्याने उपसावं लागायचं ते आता अर्ध्या दिवसाला नारळाच्या करवंटीने चार वेळा, बस. या मे महिन्यात परत वर काढली तेव्हा फळीत नख जाईना. काम म्हणाल तर पाचपैकी साडेचार.

अर्धा गुण कापला तो मांजरांसाठी. वाडीतली झाडून सगळी मांजरं होडीभोवती रांगेत, रात्री चाटण्याचा आवाज, सकाळी कावळे. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, काय गो, घरात काय मेलंय काय. पंधरा दिवस आमच्याकडे कोणी चहाला आलं नाही. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "वास येतलोच, वास नाय इलो तर समजाचा पाणी घातला."

आणि एक गोष्ट दुकानदाराने सांगायला हवी होती ती सांगितली नाही, म्हणून मी सांगतो. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. मी सगळ्या चिंध्या गोळा करून पडवीत एका पोत्यात कोंबल्या, संध्याकाळी काहीतरी करपल्याचा वास आला म्हणून हात घातला तर पोतं आतून चटका बसेल इतकं गरम. तेल सुकताना उष्णता सोडतं, पसरून ठेवलं तर ती हवेत निघून जाते, बोळा केला तर आत साठत जाते आणि पेटूसुद्धा शकतं. जवसाच्या तेलाचं पण हेच. पडवीत शेणी, लाकडं, वर जुने वासे, विचार करूनच घाम फुटला. आता चिंध्या दगडावर पसरून वाळवतो आणि मगच फेकतो.

पूर्वी हे काम मुशीच्या तेलाने व्हायचं, मालवणकडे मोरी म्हणतात ती. शार्कचं काळीज (म्हणजे यकृत, कलेजी) केवढं मोठं आणि तेलाने गच्च असतं हे ज्याने कापलंय त्याला माहीत. तिकडे गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या बाजूला, त्याच तेलासाठी व्हेल शार्क मारायचे, एवढा मोठा मासा बोटींना वॉटरप्रूफ करायला, मग २००१ मध्ये तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये गेला आणि शिकार बंद झाली. लक्षद्वीपला कासवाची चरबी लावायचे बोटींना, तेही कायद्यानेच बंद. चाचांकडे यातलं काहीच मिळत नाही आणि हा मी दुकानाचा प्लस पॉइंट धरतो. माझ्यासमोर एक गाडीवाला आला, पुण्याची पासिंग, हळूच विचारतो की सांधेदुखीवर घोरपडीचं तेल मिळेल काय. चाचांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, "माका जेलात धाडतलंस काय?" तो गेल्यावर बराच वेळ पुटपुटत होते. आपल्याकडे जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क आला आणि जाळं कापून सोडला तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, फोटो व्हिडिओ काढून ठेवायचा, हे पण मला त्यांच्याकडूनच कळलं.

आता दुसरं पिंप.

चरबी म्हटलं की आपल्याला शाळेतली १८५७ ची काडतुसं आठवतात आणि विषय तिथंच संपतो. इथं पिंपातली चरबी बोकडाची नि मेंढीची, महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलाचीही कत्तल बंद आहे त्यामुळे तो प्रश्नच नाही. खाटकाकडून गुर्द्याभोवतीची पांढरी घट्ट चरबी कच्ची आणायची, बारीक चिरायची, थोडं पाणी घालून मंद आचेवर कढवायची, वर येतं ते फडक्यातून गाळायचं, थंड झालं की मेणासारखी वडी. कच्ची तशीच ठेवली तर तिला चिकटलेलं मांस दोन दिवसांत सडतं, कढवून गाळलेली महिनोन्महिने राहते. या दुकानातली वडी मी आठ महिने ठेवलीय, वास बदलला नाही. घेताना नाकाला लावून बघा, आंबूस वाटली तर सरळ परत करा. एकदा मला तशी मिळाली होती, जुनी आणि नवी एकत्र केलेली, चाचा नव्हते, पुतण्या होता. बदलून दिली पण कटकट करून.

कोण घेतं ही? मला वाटलं होतं मी एकटाच. तासाभरात तीन गिऱ्हाईकं आली. एक ट्रॉलरवाला, त्याला इंजिनच्या शाफ्टला ग्लँड दोरी भरायची होती, ती दोरी चरबीत बुडवून भरली की शाफ्ट फिरताना दोरी जळत नाही आणि पाणी पण आत येत नाही. एक सुतार, करवतीला चोळायला, ओल्या फणसात करवत अडकते ना, तिला मूठभर कच्ची चरबी घासली की लोण्यात सुरी. स्क्रूला पण लावतो तो, म्हणतो पितळी स्क्रू सुका पिळला तर डोकंच तुटतं. तिसऱ्या एक ताई, बचत गटाच्या, साबणासाठी. साबणाच्या बाबतीत तर जग अर्धं चरबीवरच चाललंय, परदेशी साबणाच्या वेष्टनावर सोडियम टॅलोवेट लिहिलेलं असतं ना, ती गुरांची चरबीच. आपल्याकडे पण साबणासाठी म्हणून ती आयात व्हायची, मग १९८३ मध्ये तीच वनस्पती तुपात सापडली आणि देशभर गदारोळ झाला, आयात बंद झाली. आमच्या आजीने त्यानंतर मरेपर्यंत डालड्याला हात लावला नाही. इंग्लंडात २०१६ ला प्लॅस्टिकची पाच पौंडाची नवी नोट आली तिच्यात चरबीचा अंश निघाला, तिथल्या हिंदूंनी आणि व्हिगन लोकांनी अर्ज-निवेदनं केली, देवळात दक्षिणा कशी ठेवायची हा प्रश्न, पण नोट काही बदलली नाही.

मी वडी घेतली होडी ओढण्यासाठी. आमच्याकडे होडी वर घेताना खाली फळ्या टाकतात, फळ्यांना काहीतरी बुळबुळीत लागतं, कोण जळकं इंजिन ऑइल ओततात आणि ते मग वाळूत आणि भरतीबरोबर खाडीत. मी या वेळी चरबी फासली. आठ माणसं लागायची तिथं पाच जणांत वर आली, सहावा फक्त ओरडायला होता. हे काही आपलं गावठी डोकं नाही हां, बेलफास्टला ३१ मे १९११ रोजी टायटॅनिक पाण्यात सोडली तेव्हा उतारावर सुमारे २२ टन चरबी, साबण आणि व्हेलचं तेल थापलं होतं, आणि तेवढं अवाढव्य धूड ६२ सेकंदांत पाण्यात. आमच्या होडीला अडीच किलो लागली. उरलेली फळीवरून खरवडून परत डब्यात भरली, बाबांच्या भाषेत आमचं खानदान कंजूष नाही, जपणारं आहे.

आता मुद्द्याचा प्रयोग. चाचांनी सूरच्या गोष्टी सांगताना एकदा सांगितलं की तिकडे जुन्या लाकडी जहाजांचा पाण्याखालचा भाग पांढरा असायचा, तुम्ही जुन्या फोटोंमध्ये बघा, वर तेलाने काळंतपकिरी आणि खाली चुन्यासारखं पांढरं. ते चुनाच. शहम म्हणजे चरबी, नूरा म्हणजे चुना, दोन्ही गरम करून कालवायचं आणि ओहोटीला जहाज कलंडलं की हाताने थापायचं, हाताने, ब्रशने नाही, कारण ब्रशला ते बसत नाही. ओमान सरकारने सिंगापूरला भेट द्यायला काथ्याने शिवलेलं एक जुन्या पद्धतीचं जहाज बांधलं होतं, ज्वेल ऑफ मस्कत, २०१० मध्ये ते मस्कतहून कोचीन, श्रीलंका करत सिंगापूरला पोचलं, त्याच्या तळालासुद्धा शेळीची चरबी आणि चुना. आता आपल्या नौदलाचं शिवलेलं जहाज कौंडिण्य आलं, मे २०२५ मध्ये कारवारला दाखल झालं, तेव्हापासून चाचांची कॉलर जरा ताठ आहे, जसं काय यांनीच शिवलं.

यामागचं कारण मला घरच्या बोअरवेलमुळे समजलं. आमचं बोअरचं पाणी जड, साबण लावला की फेस नाही, नुसता पांढरा चोथा निघतो आणि बादलीला चिकटून बसतो, किती घासा निघत नाही. चुना आणि चरबी एकत्र शिजवली की तोच चोथा तयार होतो, म्हणजे साबणच पण पाण्यात न विरघळणारा. तो तळावर बसला की लाकूड पोखरणाऱ्या किड्याला आत शिरता येत नाही आणि शिंपले चिकटले तरी खरवडल्यावर थराबरोबर निघतात.

तर मी होडीचा डावा तळ चुना-चरबीने केला आणि उजव्या बाजूला बाजारातला तांब्याचा अँटीफाउलिंग (शिंपले चिकटू न देणारा) रंग मारला. आमच्याकडे शिंपल्यांचा चुना अजून मिळतो, तो भिजवलेला घेतला, चरबी पातेल्यात वितळवली (पातेलं आईचं, तिला आधी विचारलं नव्हतं, तो वेगळा अध्याय), हळूहळू कालवत गेलो तर घट्ट मोदकाच्या उकडीसारखं झालं. गरम असतानाच थापावं लागतं, थंड झालं की गोळे पडतात. हाताला चुना खातो, ग्लोव्हज घाला, मी घातले नाहीत, तीन दिवस बोटांची सालं निघत होती.

निकाल प्रामाणिकपणे सांगतो. दसऱ्यापर्यंत डावी बाजू उजवीपेक्षा स्वच्छ, मी वाडीभर सांगत सुटलो. दिवाळीनंतर थर जागोजागी उडाला, नोव्हेंबरअखेर डावीकडे शिंपल्यांची वस्ती आणि उजवीकडे चार-दोन ठिपके. म्हणजे अडीच-तीन महिने, मग खरवडून परत थापा. ज्याला दर अडीच-तीन महिन्यांनी होडी कलंडवून बसायला वेळ आहे त्याच्यासाठी ठीक, मोठ्या बोटवाल्याने या भानगडीत पडू नये. पण तांब्याचा रंग महाग पडतो आणि तो खरवडून वाळूत पडतो तिथंच आमच्या बाया कालवं काढायला बसतात, हे मला खटकतं. यापूर्वी कथिलाचा रंग यायचा, त्याने तर शिंपल्या-कालवांची वाढच बिघडायची, २००८ मध्ये जगभर त्याच्यावर बंदी आली. चुना-चरबी खरवडून पडली तर खेकडे खातात, प्रत्यक्ष बघितलंय. टिकण्याला पाचपैकी अडीच, बाकी मनाचं समाधान ज्याचं त्याने बघावं.

आता चरबीचा विषय निघालाच आहे तर ऑनलाइन मागवलेल्या बामबद्दल पण बोलतो, म्हणजे कोणी फसू नये. बायकोने मोबाइलवर बघून टॅलो बाम मागवला, ५० ग्रॅमची काचेची बरणी, ७९९ रुपये. अमेरिकेत म्हणे सगळे तोंडाला चरबी फासतायत. बरणी मे महिन्यात आली, कुरिअरवाल्याने दुपारभर उन्हात फिरवलेली, उघडली तर आत पाणी. बामात कसलंतरी तेल मिसळलेलं असतं त्यामुळे तो लवकर विरघळतो, चाचांची नुसती वडी पत्र्याच्या शेडमध्ये त्याच उन्हात घट्ट उभी होती. फ्रीजमध्ये ठेवला तर रवाळ झाला, लॅव्हेंडरचा वास आणि खालून हळूच मटणवाल्याचा वास, आणि दुसऱ्या दिवशी झाकणाभोवती मुंग्या. लिहून कळवलं तर उत्तर आलं की नैसर्गिक प्रॉडक्ट असल्याने असं होतं. म्हणजे बिघडलं तर निसर्ग आणि चांगलं निघालं तर कंपनी.

चरबी कातडीला वाईट असं मी म्हणत नाही. जपानात घोड्याच्या चरबीचं तेल भाजण्यावर, फुटलेल्या कातडीवर लावतात, डबीवर घोड्याचं चित्र असतं, आमचा एक दोस्त जहाजावर असतो त्याने आणलेली, हाताला लावली की लगेच मुरते आणि वास जवळजवळ नाही. तिकडे आफ्रिकेत नामिबियाच्या हिंबा बाया लोण्याची चरबी आणि गेरू एकत्र करून सगळ्या अंगाला, केसांना लावतात, गेरू म्हणजे आपण तुळशीवृंदावनाला लावतो तसलीच लाल माती. आणि १९२६ मध्ये गर्ट्रूड इडर्ली इंग्लिश खाडी साडेचौदा तासांत पोहून गेली, खाडी पोहणारी पहिली बाई, तेव्हा तिच्या अंगावर मेंढीच्या लोकरीचं ग्रीस थापलं होतं, गार पाणी आणि जेलीफिशपासून बचाव म्हणून. सगळीकडे गोष्ट एकच, पाणी आत येऊ द्यायचं नाही किंवा बाहेर जाऊ द्यायचं नाही, होडी काय नि माणूस काय.

पण कोकणात राहून ७९९ ची चरबी घ्यायची म्हणजे समुद्राकाठी बसून मीठ ऑनलाइन मागवण्यासारखं आहे. आमच्या आईकडे मुठेल असतं, कोकमच्या बिया कुटून, उकळून वर आलेलं तेल थंड झाल्यावर मुठीत वळतात म्हणून मुठेल. खडूसारखं पांढरंफटक, कडक, चुलीपाशी धरून टाचेवर फिरवलं की अंगाच्या उबेने विरघळतं. मासे विकायला बसणाऱ्या आमच्या मावशींच्या टाचा बर्फाच्या पाण्याने अशा फुटलेल्या असतात की भेगेत नाणं राहील, त्या रात्री मुठेल लावून झोपतात. बायकोने शेवटी एका टाचेला बाम, एका टाचेला मुठेल असं दहा दिवस केलं, होडीवरून घेतलेली आयडिया. दहाव्या दिवशी मला दोन्ही टाचा दाखवल्या, मला काही फरक दिसला नाही, तिच्या मते मुठेलवाली मऊ. मुठेलला मुंग्या आल्या नाहीत हे मात्र नक्की. उरलेला बाम मी बाबांच्या कोल्हापुरी चपलांना चोळला. चपला मस्त झाल्या, चामडं मऊ, पावसात पाणी वरून ओघळून गेलं. चप्पलचा बाम म्हणून विकला असता तर मी पाच स्टार दिले असते.

जुलैत तीन दिवस लाइट नव्हती तेव्हा चरबीची पणती पण लावून बघितली. वात पेटते, पण आधी चरबी वितळेपर्यंत वात करपते, मग तडतड, आणि घरभर खाटीकखाना. उत्तरेकडच्या बर्फातले इन्युइट लोक दगडाच्या उथळ दिव्यात सीलची चरबी जाळून घर उबदार ठेवायचे, त्याच दिव्यावर स्वयंपाक पण, त्यांना शेवाळाची वात काडीने सारखी करत बसावी लागायची, आणि ते काम घरातली बाई करायची. इंग्लंडात गरिबाघरी चरबीच्याच मेणबत्त्या, वर १७०९ पासून १८३१ पर्यंत मेणबत्तीवर टॅक्स, मग लोक लव्हाळ्याची काडी चरबीत बुडवून पेटवायचे कारण तिच्यावर टॅक्स नव्हता. आई म्हणाली तुझं झालं असेल तर ते विझव, आमच्या लहानपणी उंडीचं तेल असायचं दिव्याला, त्याला पण वास यायचा पण असा नाय. विझवलं. पातेल्याचा विषय तेव्हाच परत निघाला.

दुकानाच्या तक्रारी सांगायच्या तर वजनकाटा जुना आहे, वडी घेताना काट्यावर आधी काय ठेवलंय ते बघा. बिल मागू नका, मिळणार नाही. कॅनची झाकणं बेभरवशाची, माझ्या स्कूटरच्या डिकीत अर्धा लिटर सांडलं, वर्ष होत आलं, अजून पेट्रोल भरायला सीट उघडली की पंपावरचा पोरगा दोन पावलं मागे जातो. स्वतःचा घट्ट झाकणाचा कॅन न्या आणि तो पायाशी उभा ठेवा. तेल घेताना पिंपाच्या वरचं मागा, तळाचं गाळ असतो, आणि पावसाळ्यात घेऊच नका, ऊन नसेल तर ते महिनाभर चिकटच राहतं.

शुक्रवारी दुपारी बंद असतं. गेलात तर पुतण्या असेल तर थांबा, चाचा चहा प्यायला जेटीवर गेलेले असतात, दहा मिनिटांत येतात, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न असतो होडी कसल्या लाकडाची, तेव्हा ते माहीत करूनच जा.